फॅक्टरीचा रंग काढायचा, की त्यावरच रंगवायचं?

आधी एक काम कर. तो थिनरचा डबा बॉडीपासून लांब ठेव, मग पुढचं वाच.

तुझा प्रश्न थोडक्यात असा: १:२४ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची, फोक्सवॅगन बीटल मोटारीची प्लॅस्टिकची मॉडेल गाडी आहे, फॅक्टरीतूनच लाल रंगवून आलेली. दारांवर गोल नंबर आणि पुढच्या झाकणापासून मागच्या झाकणापर्यंत पांढरे पट्टे छापलेत. तुला ती रेसिंगची नको, साधी क्रीम रंगाची हवी. गॅरेजमधला मित्र म्हणतोय, थिनरमध्ये बुडव, रंग सुटेल. तू विचारतोयस की रंग सगळा काढावाच लागतो का, कशाने काढायचा आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत परत रंगवता येईल का.

मी स्वतः उद्यमनगरात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो, त्यामुळे तुझ्या मित्राने थिनर का सांगितला ते मला कळतं. आमच्याकडे पत्रा असतो. पत्र्यावर थिनर ओता नाहीतर रिमूव्हर चोपडा, रंग फुगून सुटतो आणि पत्र्याला ढिम्म काही होत नाही. मॉडेलची बॉडी पॉलिस्टायरीनची असते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरमध्ये टोल्युइन, एस्टर, कीटोन असतात आणि पॉलिस्टायरीन त्यांत विरघळतं. मॉडेलचे भाग जोडायचा पातळ गोंद याच जातीचा: तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन कडा एकमेकींत मुरवतो. म्हणजे बॉडी थिनरमध्ये बुडवलीस तर रंगाबरोबर दारांच्या रेघा, वायपर, हँडल सगळं मऊ पडणार. नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, हार्डवेअरच्या दुकानातला पेंट रिमूव्हर आणि ॲक्रिलिकचे बोर्ड करणारे जोडायला वापरतात ते क्लोरोफॉर्म, हे सगळं त्याच यादीत.

आता मुख्य गोष्ट. मला विचारशील तर फॅक्टरीतून रंगून आलेल्या बऱ्याचशा बॉड्यांचा रंग काढायची गरजच नसते. फॅक्टरीचा हात बहुधा पातळ आणि सगळीकडे सारखा असतो, आणि प्लॅस्टिकला घट्ट धरून बसलेला असतो. असा रंग म्हणजे फुकटात मिळालेलं अस्तर. हौशी माणसाला वाटतं की कोऱ्या प्लॅस्टिकपासून सुरुवात केली की काम पक्कं. पण रंग काढताना ज्या भानगडी होतात (दारांच्या रेघांत अडकलेला गाळ, काचेजवळच्या बारीक खांबांना तडे, घासून गेलेली नक्षी) त्या न काढण्यातल्या भानगडींपेक्षा जास्त असतात. काढायचा तो तीनच कारणांनी: रंग इतका जाड आहे की रेघा भरून आल्यात, ओघळ, धूळ किंवा ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) आहे आणि घासून जाण्यापलीकडे आहे, किंवा तुझा नवा रंग खालच्या रंगाशी भांडतोय.

हे ठरवायला डोळे आणि एक कापसाचा इअरबड पुरतात. बॉडी खिडकीच्या उजेडात तिरकी धर आणि दाराच्या कडेची रेघ बघ. रेघेच्या तळाशी सावली पडत असेल तर ती अजून खोल आहे. रेघ नुसती रंगातली हलकी घळ वाटत असेल तर वर आणखी प्रायमर, रंग आणि क्लिअर (शेवटचा पारदर्शक थर) चढल्यावर ती बुजणार. मग बॉडी उलटी कर. आतल्या कडेला, चाकांच्या कमानीच्या मागे फॅक्टरीच्या गनचा फवारा थोडा गेलेला असतो. चाचणी तिथे करायची, छपरावर नाही. इअरबड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून त्या जागी मिनिटभर ठेव आणि हलक्या हाताने फिरव. बड लाल झाला तर रंग अल्कोहोलने निघणार. बड पांढराच राहिला तर तिथेच ब्रेक ऑइलचा एक थेंब टाकून अर्ध्या तासाने बघ. त्यानेही हलला नाही, तर तो बहुतेक हार्डनर (रंग कडक करणारा दुसरा घटक) घातलेला दोन घटकांचा रंग आहे. त्याच्या नादी लागू नकोस, त्याला घासून त्यावरच रंगव. इतका चिवट थर तुझ्या नव्या रंगाने सहसा सुटत नाही की सुरकुतत नाही.

या चाचणीत प्लॅस्टिककडेही लक्ष ठेव. बड फिरवलेली जागा चिकट लागली किंवा पांढरट पडली तर तो द्राव त्या प्लॅस्टिकसाठी नाही. बॉडीच्या किंवा चॅसिसच्या आतल्या बाजूला कधी कधी 'पीएस' (पॉलिस्टायरीन) किंवा 'एबीएस' (दुसरं एक प्लॅस्टिक) अशी अक्षरं उठवलेली असतात, ती शोध. एबीएस रोज हाताळायला चिवट असतं, पण ताणाखाली असताना द्रव लागला की त्याला बारीक तडे जातात, म्हणून तिथे वेळ कमीच ठेवायचा.

काढायचाच ठरला तर आयसोप्रोपिल पहिलं. मोबाइल आणि टीव्ही दुरुस्त करणारे सर्किट पुसायला तेच वापरतात. लक्ष्मीपुरीत केमिकलच्या दुकानांत चौकशी कर, तिथे नाही मिळालं तर इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात. हातावर चोळायचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि जेल असतं. काचा, बंपर, दिवे, जे जे निघतंय ते सगळं आधी काढून ठेव. पारदर्शक भागांना अल्कोहोलने बारीक भेगा पडू शकतात आणि त्या परत जात नाहीत. फॅक्टरीत जोडलेल्या गाडीत काचेचे खुंट आतून वितळवून चपटे केलेले असतात. ते उपटायचे नाहीत, त्यांचं डोकं ब्लेडने किंवा बारीक ड्रिलने उडवायचं.

खरी बीटल साधारण चार मीटर लांब, म्हणजे तुझी बॉडी १७ सेंटिमीटरच्या आसपास. डब्यात बुडवायला जवळजवळ लिटरभर द्राव लागेल. त्यापेक्षा जाड झिपची पिशवी घे, बॉडी आत, द्राव अर्ध्या पिशवीपेक्षा कमी, हवा काढून बंद कर आणि ताटात आडवी ठेव. अधूनमधून उलटी कर. दर तासाने बघायचं. रंगाला सुरकुत्या पडून तो कातडीसारखा सुटायला लागला की बाहेर काढून जुन्या मऊ टूथब्रशने घास. रेघांतला रंग बांबूच्या टोकदार काडीने काढ, सुई किंवा पिन लावू नकोस. एका खेपेत सगळं निघत नाही, तेव्हा परत बुडव. पण 'राहू दे चार दिवस, आपोआप निघेल' असं करायचं नाही. रात्रभर ही माझी मर्यादा. आणि हा द्राव पेट्रोलसारखाच पेटतो, त्याची वाफ खालून पसरते. घरात गॅस चालू असेल किंवा देवघरात समई तेवत असेल, तर हे काम तिथे नको.

डेटॉलनेही रंग निघतो, हे ऐकलं असशीलच. खरं आहे. डेटॉल अँटिसेप्टिक लिक्विडमध्ये पाइन तेल आणि अल्कोहोल असतं आणि ॲक्रिलिक रंगावर ते चांगलं चालतं. घोळ पुढे होतो. लोक बॉडी डेटॉलमधून काढतात आणि सरळ नळाखाली धरतात. पाणी लागताच सुटलेला रंग आणि तेल यांचा डांबरासारखा चिकट लगदा होतो आणि रेघांत जाऊन बसतो. डेटॉलमध्ये भिजलेली बॉडी डेटॉलनेच घासायची, जुन्या बनियनच्या फडक्याने कोरडी पुसायची, मग भांड्यांचं लिक्विड तसंच, पाण्याशिवाय, चोळायचं आणि सगळ्यात शेवटी पाणी. वास आठवडाभर जात नाही. घरचे विचारतील कोण पडलं म्हणून.

ब्रेक ऑइल हा जुना उपाय. डॉट ३ किंवा डॉट ४ घ्यायचं, ते ग्लायकॉल ईथरचं असतं आणि रंग खातं. बाइकच्या टाकीवर सांडलं की काय होतं ते तुझ्या मित्राला विचार. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, त्याने काही होत नाही. पण जुनं प्लॅस्टिक ब्रेक ऑइलने ठिसूळ होऊ शकतं, ते कातडीला बरं नाही आणि धुऊन काढायला वैताग. नायट्राइलचे मोजे घालूनच हात लाव. अल्कोहोल हरलं तरच ते, एरवी नाही.

वापरलेला द्राव बेसिनमध्ये ओतू नकोस. आपल्याकडचं असलं पाणी जयंती नाल्यातून शेवटी पंचगंगेतच जातं. अल्कोहोल जुन्या कापडातून गाळून बाटलीत भर, ते पुन्हा दोन-तीन बॉड्यांना चालतं. गाळ वर्तमानपत्रावर मोकळ्या हवेत वाळू दे आणि मग कचऱ्यात.

तुझे नंबर आणि पट्टे हा वेगळा विषय, आणि नुसते तेवढेच काढायचे असले तरी उपयोगी. ते रंगवलेले नसून रबरी गादीने छापलेले असतात, शाईचा थर अगदी पातळ. अल्कोहोलच्या बडने खालचा रंग शाबूत ठेवून छपाई तेवढी उतरते बरेचदा. नाही उतरली तर २००० चा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून घास. काहीही झालं तरी तिची कड बोटाला लागणार नाही इतकी सपाट कर. कड राहिली तर क्रीमच्या तिसऱ्या हातानंतरही उजेडात तिथे गोल दिसेल.

रंग निघाल्यावर बॉडीवर कारखान्याची गुपितं दिसतात. साच्याचे भाग जिथे मिळतात तिथे छपराच्या कडेने आणि मडगार्डवरून एक बारीक उंच रेघ जाते. ती ६०० ने काढायची, मग १०००. बीटलच्या मडगार्डची गोलाई बोटाने घासलीस तर सपाट होईल. पेपर मऊ स्पंजावर गुंडाळ. खड्डे असतील तर लांबी (पुट्टी) अगदी थोडी, आणि पूर्ण वाळल्यावरच घास. मग कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड. उकळतं पाणी नको, पॉलिस्टायरीन वाकतं. याच कारणाने उन्हाळ्यात गच्चीवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर वाळत ठेवायचं नाही. धुतल्यानंतर बॉडीला बोट लागलं नाही पाहिजे, हँगरची तार वाकवून आतून अडकव आणि तिलाच धर.

रंग न काढता जाणाऱ्याने काय करायचं? सगळी बॉडी १००० च्या वॉटर पेपरने चमक मरेपर्यंत घासायची, धुवायची आणि प्रायमर. पण आधी आतल्या कडेला प्रायमरची चाचणी घे आणि एक रात्र जाऊ दे. खालचा रंग इनॅमल (हळू वाळणारा ऑइल पेंटच्या जातीचा) असेल आणि वरून लॅकरचा (थिनर उडून झटपट वाळणाऱ्या रंगाचा) कडक थिनर असलेला प्रायमर बसला तर सुरकुत्या पडतात. आमच्या धंद्यात हा नियम पोरगा पहिल्या आठवड्यात शिकतो: लॅकरवर इनॅमल चालतं, इनॅमलवर लॅकर चालत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे बरेचसे स्प्रेचे डबे इनॅमलचे असतात. डब्यावर दुसरा हात किती वेळात द्यायचा ते लिहिलेलं असतं, ते वाच. ती वेळ टळली तर पूर्ण वाळेपर्यंत थांब, मधल्या वेळेत मारलेला हात रंग उचलतो.

तुझ्या गाडीत खरी अडचण आहे ती लाल रंगाची, आणि ती तू विचारलेलीच नाहीस. बॉडी उलटी करून बघ, प्लॅस्टिकही लाल आहे का? असेल तर रंग काढूनही सुटका नाही. लाल प्लॅस्टिकमधला आणि स्वस्त लाल रंगातला रंगद्रव्याचा अंश वरच्या रंगाच्या थिनरमध्ये विरघळून वर येतो. आज क्रीम दिसेल, आठवड्याने फिकट गुलाबी. वर आणखी क्रीम मारलास तर तेही गुलाबी. उपाय सोपा आहे: राखाडी प्रायमरने दोष बघून घे, घासून घे, त्यावर चंदेरी रंगाचा एक पातळ पण अखंड हात दे आणि मग पांढरा प्रायमर. चंदेरीतले ॲल्युमिनियमचे कण एकमेकांवर आडवे बसतात आणि लालला वाट मिळत नाही. पांढरा प्रायमर दिल्यावर दोन दिवस थांब. गुलाबी छटा आली नाही, तरच क्रीम मार.

क्रीमबद्दल. मोटारीचा रंग मिसळून देणाऱ्या दुकानात कोडवरून बेस कोट करून मिळतो. साध्या रंगांना चालतो, पण प्लॅस्टिकवर थेट नाही, प्रायमरवरच, आणि पहिले हात कोरडे धुक्यासारखे. मेटॅलिक मात्र मोटारीचा घेऊ नकोस. त्यातले कण खऱ्या गाडीच्या मापाचे असतात, १:२४ वर खडीसाखर फुटल्यासारखे दिसतात. मॉडेलसाठीच्या लॅकरच्या डब्यांत तामिया कंपनीची टीएस मालिका बॉडीसाठी आहे. पीएस मालिका घेऊ नकोस, ती आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी आहे. छटा निवडताना खऱ्यापेक्षा किंचित फिकी घे. लहान वस्तूवर तोच रंग गडद वाटतो.

आता बाल्कनी. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर लॅकर मारायचा विचार सोडून दे. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढरट धुरकट होतो. मारायचाच झाला तर हळू उडणारा रिटार्डर थिनर लागतो. एप्रिल-मेच्या दुपारी उलट होतं: थेंब हवेतच वाळतो आणि बॉडीवर पावडर बसल्यासारखी खरखर येते. दिवाळीनंतरचे महिने चांगले, सकाळी दहा-अकराची वेळ. फक्त तेव्हाच ऊसतोडीचा हंगाम असतो, पाचट पेटवलं की काळी काजळी उडत येते, आणि क्रीम गाडीवर ती लगेच नजरेत भरते. म्हणून पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून त्यात फवार, आणि मारून झालं की बॉडी दुसऱ्या स्वच्छ खोक्याखाली झाक.

डबा वापरत असशील तर तो कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेव (शेगडीवर कधीच नाही) आणि दोन मिनिटं हलव. अंतर एक वीत. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडे बाहेरच सोडायचा. आधी चाकांच्या कमानी, दारांच्या कडा, मडगार्ड आणि बॉडीमधली खाच, छप्पर शेवटी. पहिला हात धुकं, खालचं दिसलं तरी चालेल. पुढचे दोन ओलसर. बीटलमध्ये ओघळ येतो तो मडगार्डच्या खालच्या कडेला, म्हणून तिथे हात पळता ठेव. एअरब्रश असेल तर ०.३ मिलिमीटरचा नोझल, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय आणि रंग दुधाइतका पातळ. मास्क सेंद्रिय वाफांच्या काडतुसाचा हवा. कापडी मास्क किंवा एन-९५ कणांना अडवतो, वाफेला नाही.

बीटलच्या बाजूने आणि पुढच्या झाकणावरून क्रोमच्या पट्ट्या जातात. ब्रशने चंदेरी रंगवलेल्या पट्ट्या बघवत नाहीत. बेअर मेटल फॉइल (धातूचा अगदी पातळ चिकट कागद) चिकटव, दाताच्या काडीने दाब आणि नव्या ब्लेडने कड काप. झाकणावरच्या उठावाच्या चिन्हासाठी एक युक्ती सांगतो: प्रायमरनंतर, रंगाच्या आधी त्या चिन्हावर फॉइलचा तुकडा दाबून बसव. मग सगळ्या बॉडीबरोबर तोही रंगव. रंग वाळल्यावर बड थिनरमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा पिळ आणि चिन्हाच्या माथ्यावरून हलकेच फिरव. माथ्यावरचा रंग निघून खालून खरा धातू चमकतो आणि खाचेतला क्रीम तसाच राहतो. थिनर लांब ठेव म्हटलं होतं ते एवढ्यासाठी बाहेर काढलास तर चालेल.

रंग वाळला का हे नाकाने कळतं. जवळ नेऊन वास आला तर अजून थिनर उडतोय. लॅकरला आठवडा दे, इनॅमलला त्याहून बराच जास्त. मग क्लिअर. मोटारीचा टू-के (दोन घटकांचा) क्लिअर घरात मारू नकोस, त्याच्या हार्डनरमध्ये श्वासाला घातक आयसोसायनेट असतं आणि बाल्कनी ही त्याची जागा नव्हे. शिवाय तो जाड बसतो आणि ज्या रेघा वाचवायला आपण एवढा खटाटोप केला त्याच भरतो. लॅकर क्लिअरचे दोन हात पुरे. नंतर २००० आणि ३००० ओला, मग पॉलिशचं कंपाउंड. कडांना आणि उठावांना पेपर लावायचा नाही, तिथला रंग आधी जातो. रेघा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत सोडायचा पातळ रंग, म्हणजे वॉश, काळा नको, क्रीमवर तो व्यंगचित्रासारखा दिसतो, राखाडी-तपकिरी घे.

शेवटी काचा. इतके थर चढल्यावर खिडक्यांची चौकट आतून लहान झालेली असते. जबरदस्तीने काच दाबलीस तर खांब तुटेल किंवा कडेचा रंग टवका होऊन उडेल. चौकटीच्या आतल्या बाजूचा रंग ब्लेडच्या पाठीने खरवडून घे, काच सैल बसायला हवी. चिकटवायला साधं फेविकॉल लाव, वाळल्यावर पारदर्शक होतं. फेविक्विक लावशील तर त्याच्या वाफेने काचेवर आतून पांढरा थर धरेल, आणि तोपर्यंत बॉडी चॅसिसवर बसलेली असेल.